उडत्या पाखराची पिसं मोजताना

उडत्या पाखराची पिसं मोजणारा माणूस म्हणजे पक्का बिलंदर, असं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आमच्या वाड्यात असे एक गृहस्थ होते. समोरून येणारा माणूस उसने पैसे मागायला येतोय की परत करायला, हे ते त्याच्या चपलांच्या आवाजावरून ओळखत. (परत करायला येणाऱ्याच्या चपलांचा आवाज त्यांनी आयुष्यात एकदाच ऐकला होता, पण तो त्यांच्या पक्का लक्षात राहिला होता.) मी त्यांतला नव्हे. मी अडतीस वर्षं एका बँकेत दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या, आणि त्याही दोनदा मोजल्या. निवृत्तीनंतर मात्र ही म्हण माझ्या बाबतीत अक्षरशः खरी झाली. मुलानं साठीला कॅमेरा भेट दिला, त्याच्याबरोबर दुधी भोपळ्याएवढं लांब एक भिंग दिलं, आणि तेव्हापासून मी रोज सकाळी गच्चीवर उभा राहून उडत्या पाखरांची पिसं मोजतो. एवढं करूनही आपल्या अंगात बिलंदरपणा काही आला नाही, असा माझा परवापरवापर्यंत समज होता. तो समज कसा गेला, तेच सांगायचं आहे.

सुरुवात मी बसलेल्या पक्ष्यांपासून केली होती. पण बसलेल्या पक्ष्याचा फोटो हा शेवटी पासपोर्टचा फोटो. कान दिसत नाहीत एवढाच फरक. माझा जीव जडला तो घारीवर. एक तर घार आमच्या गच्चीवरून फुकट दिसते. दुसरं म्हणजे ती माझ्यासारखीच घाईत नसते. सकाळी नऊ-साडेनऊला ऊन तापलं आणि खालची हवा वर चढायला लागली, की घारी एकेक करून हजेरीला येतात. त्या चढत्या हवेत नुसते पंख पसरायचे आणि गोल गोल फिरत उंच जायचं. पंख हलवायचे नाहीत, श्रम करायचे नाहीत, आणि तरी वर वर जायचं. बढतीचा हा प्रकार मी आमच्या हेड ऑफिसातही पाहिला होता, पण तो इतका देखणा नव्हता.

डोळ्यांनी घार पाहणं वेगळं आणि कॅमेऱ्याच्या भोकात घार सापडणं वेगळं. डोळ्यांना सगळं आकाश दिसतं. लांब भिंगातून आकाशाचा ताटलीएवढा तुकडा दिसतो आणि घार नेमकी उरलेल्या आकाशात असते. पहिल्या महिन्यात मी दोन हजार फोटो काढले. त्यांतले सोळाशे नुसते निळे होते. उरलेल्यांत आमची पाण्याची टाकी, केबलच्या वायरी, समोरच्या इमारतीतल्या बाईंच्या वाळत घातलेल्या साड्या आणि घारींच्या शेपट्या होत्या. घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली असते, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. साड्यांमुळे मात्र सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला चहाला बोलावलं. "आपण नेमकं काय टिपता?" असं त्यांनी फार सभ्यपणे विचारलं. मी लॅपटॉप घेऊन गेलो आणि निळे फोटो एकामागून एक दाखवायला लागलो. दोनशेव्या फोटोला त्यांची माझ्या चारित्र्याविषयी खात्री पटली. बुद्धीविषयीचा संशय राहिला असावा.

आमच्या तरुणपणी एका रोलात छत्तीस फोटो निघत. मेहुण्याच्या अख्ख्या लग्नाला मी एक रोल पुरवला होता आणि त्यातलेही दोन सत्यनारायणासाठी राखून ठेवले होते. आता बटण दाबून धरलं की सेकंदाला वीस फोटो. म्हणजे मेहुण्याचं लग्न पावणेदोन सेकंदांत आटोपलं असतं. शिवाय हिशेबाची माझी सवय जात नाही. उडता पक्षी फोटोत फिसकटू नये म्हणून शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरतंच उघडायचं असतं. बहिरी ससाणा भक्ष्यावर झेपावतो तेव्हा त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो. अशा ससाण्यालाही तेवढ्या अवधीत चार-पाच सेंटिमीटरच सरकता येतं. माझे तीन वर्षांतले बरे म्हणण्याजोगे फोटो चाळीस. चाळीस वेळा सेकंदाचा दोन हजारावा भाग, म्हणजे एकूण सेकंदाचा पन्नासावा भाग. निवृत्तीनंतरचं माझं सगळं कर्तृत्व एवढं भरलं. हा हिशेब मी आमच्या हिला ऐकवला तेव्हा ती म्हणाली, "आणि मानेला तेल चोळायला रोजची वीस मिनिटं. तीही मांडा."

या नादाचं मूळ बंदुकीत आहे हे वाचलं तेव्हा मात्र मी जरा दचकलो. एटिएन-ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं १८८२ साली, उडताना पक्ष्याचे पंख कसे हलतात ते पाहण्यासाठी चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. दस्ता, नळी, चाप, सगळं जिथल्या तिथे. चाप ओढला की फिरत्या काचेवर सेकंदाला बारा चित्रं उमटत. हे हत्यार घेऊन तो नेपल्सच्या किनाऱ्यावर पक्ष्यांवर नेम धरत हिंडे. हा गृहस्थ नेम धरतो, चाप ओढतो आणि एकही पक्षी पडत नाही, हे पाहून तिथल्या लोकांनी त्याला वेडा ठरवलं, असं म्हणतात. पक्षी पडला असता तर शहाणा म्हणाले असते. आपल्याकडे सलीम अलींनीही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग कसा हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि पुढचं सगळं आयुष्य पक्ष्यांचं झालं. तेव्हा बंदुकीच्या जागी कॅमेरा आला म्हणजे हिंसेच्या जागी कला आली, असं मी मनाशी पक्कं धरून होतो. उलट या कलेत इजा झालीच तर माणसाला होते. एरिक हॉस्किंग या इंग्रज छायाचित्रकाराला १९३७ साली घरट्याजवळ फोटो काढताना एका घुबडानं असा पंजा मारला की त्याचा एक डोळा गेला. पुढे कित्येक दशकं तो उरलेल्या डोळ्यानं पक्ष्यांचेच फोटो काढत राहिला. १९७० साली त्याचं आत्मचरित्र निघालं, त्याचं नाव 'ॲन आय फॉर अ बर्ड'. ही गोष्ट हिला सांगायची चूक मी केली. तेव्हापासून गच्चीवर निघालो की हिचं "चष्मा घातलात का?" ठरलेलं.

असो. गच्चीवरच्या फोटोंत एक मोठी खोट होती. सगळे फोटो खालून. खालून काढलेला घारीचा फोटो म्हणजे टॅक्सीखाली झोपून काढलेला टॅक्सीचा फोटो. पोट दिसतं, पण चेहरा नाही. तिची ती थंड, कर्जवसुली अधिकाऱ्यासारखी नजर टिपायची तर घार आपल्या उंचीला यायला हवी. एका जाणकारांना विचारलं. ते म्हणाले, "कोकणात जा. तिथे घार खाली येते." "का येते?" मी विचारलं. "येते," म्हणून ते नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

डिसेंबरात आम्ही दोघं दापोलीजवळ हर्णैला गेलो. समोर सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर मासळीचा लिलाव, आणि त्या सगळ्या गलक्यावर ब्राह्मणी घारी. आपल्या शहरी घारीची ही चुलत बहीण, पण रूप काय सांगावं! पांढरंशुभ्र डोकं, पांढरी छाती, बाकी सगळं अंग नव्या तांब्याच्या घागरीच्या रंगाचं आणि पंखांची टोकं काळी. शेपटीही दुभंगलेली नाही, गोलसर. एका म्हाताऱ्या तांडेलाची होडी ठरवली. बरोबर त्याचा दहा-अकरा वर्षांचा नातू होता. होडीत पाय ठेवताना तांडेलानं विचारलं, "सायेब, मावरं घेतलंव का?"

"मी मासे खात नाही," मी म्हणालो.

"तुमाला नाय हो. घारीला."

आयुष्यात प्रथमच मी मासळी घेतली. मांदेलीचा एक वाटा, शंभर रुपये. भाव केला नाही, कारण कशाशी ताडून करायचा हेच कळेना. हिनं नाकाला पदर लावला तो होडी परत येईपर्यंत काढला नाही. खाडीच्या तोंडाशी आल्यावर नातवानं पिशवीत हात घातला, एक मांदेली शेपटीला धरून उंच धरली, आणि एवढ्या वेळ आकाशात ठिपका असलेली घार वळली. तिनं पंख अर्धे मिटले. पोरानं मांदेली भिरकावली. मी बटण दाबलं. ती आली कधी, पायानं मासळी झेलली कधी आणि उडता उडताच खायला लागली कधी, यातलं मी खरं म्हणजे काहीच पाहिलं नाही. त्या वेळी मी पडदा, आकडे आणि हिरवा चौकोन पाहत होतो. अशा पंचवीस-तीस मांदेल्या झाल्या. पोरगा दर वेळी विचारायचा, "आली का, काका?" आणि मी म्हणायचो, "थांब रे, अजून एक टाक."

घरी येऊन पाहिलं तर त्या आठशे फोटोंत एक फोटो असा निघाला, की मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. पंख पूर्ण पसरलेले, सकाळचं ऊन तांबड्या पिसांतून आरपार आलेलं, नख्या पुढे, मांदेली हवेत वीतभर अंतरावर, आणि घारीचा डोळा थेट माझ्याकडे. पिसं मोजता येत होती. मी खरोखरच मोजली, दोनदा. फक्त उजव्या कोपऱ्यात खाली एक हात आला होता. पोराचा हात. मनगटाला लाल दोरा, पंजा उघडा, बोटं अजून मांदेली सोडल्याच्या आकारात. मी तो हात कापून टाकला. संगणकावर हात कापायला रक्त येत नाही, दोन बोटांचं काम. मग मांदेलीही कापली, कारण हवेत लटकलेली मांदेली पाहणाऱ्याला बुचकळ्यात टाकते. राहिली फक्त घार, आकाश आणि मी.

तो फोटो मी एका संस्थेच्या स्पर्धेला पाठवला. नाव दिलं, 'आकाशाचा राजा'. अर्जात खाली एक ओळ होती: 'सदर छायाचित्र नैसर्गिक अवस्थेत घेतलेले आहे.' त्याखाली मी सही केली. आयुष्यभर इतरांच्या सह्या ताडून पाहिलेल्या माणसानं केलेली ती सही होती, त्यामुळे ती अक्षरानं अगदी चोख होती. दुसरं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र आणि एक छत्री.

मग घरी येणारे-जाणारे फोटोसमोर उभे राहू लागले. "केवढी चिकाटी लागत असेल!" पहिल्या माणसाला मी म्हणालो, "हो, थोडं थांबावं लागतं." दुसऱ्याला सांगितलं, दोन तास बसलो होतो. दिवाळीपर्यंत मी पहाटे चारला उठून ओल्या खडकावर पालथा पडलेला होतो. "पक्षी आधी समजून घ्यावा लागतो," हे वाक्य मला विशेष साधायला लागलं. एकदा हे वाक्य म्हणत असताना ही चहा घेऊन बाहेर आली आणि पाहुण्यांसमोर म्हणाली, "आणि मांदेली समजून घ्यायला किती वेळ लागला, तेही सांगा ना." पाहुण्यांना तो विनोद वाटला. ते हसले. मीही हसलो. नवरा-बायकोच्या संसारात असे प्रसंग हसूनच काढायचे असतात.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा हर्णैला गेलो. या खेपेला त्याच फोटोची मोठी प्रत काढून, काच बसवून, पोरासाठी नेली. आपण किती मोठ्या मनाचे आहोत असं वाटायला लावणारी ती भेट होती. पोरानं ती मांडीवर घेतली, बराच वेळ पाहिली. उलटी करून पाहिली. मग विचारलं, "ही तवाची घार ना, काका?"

"हो. तुझीच घार."

"मग माजा हात कुठाय?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पासबुकात आपण भरलेली रक्कम दिसली नाही तर साधा माणूस खिडकीशी येऊन ज्या आवाजात विचारतो, तसा तो आवाज होता. तो आवाज मी अडतीस वर्षं ऐकला आहे. त्याला 'उद्या या' म्हणता येत नाही.

तिथून परत आलो तो खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडेच गेलो. तेही निवृत्त. माझं सगळं ऐकून घेऊन ते समाधानानं उठले आणि एक जाड पुस्तक काढून वाचायला बसले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. मला वाटत होतं शिकार म्हणजे मारणं. वकीलसाहेबांनी बोट ठेवून दाखवलं: मारणं तर आहेच, पण पकडणं, सापळा लावणं, हुसकणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं, आणि आमिष दाखवणं, हेही शिकारीतच मोडतं. एवढंच नव्हे, तसा प्रयत्न करणंही. "म्हणजे मी शिकारी?" मी विचारलं. झुरळ दिसलं तर शेजाऱ्याला हाक मारणारा माणूस मी! वकीलसाहेब म्हणाले, "व्याख्येनुसार विचार करायला भरपूर वाव आहे." वकिलांना अशा वेळी केवढा आनंद होतो, तो त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

त्या रात्री झोप आली नाही. कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न राहतोच, की मी केलं ते नेमकं काय? मांदेली भिरकावण्यात एवढं काय वाईट? जुन्या दिल्लीत घारींना मांसाचे तुकडे उधळायची रीत आहे. तिथे ते दान. बंदरावर कोळीण मासळी साफ करून आतडी फेकते आणि घार ती उचलते. तो कचरा. तांडेलाच्या नातवानं टाकली तो धंदा. माझ्यासाठी टाकली ती कला. आणि वकीलसाहेबांच्या पुस्तकात तीच शिकार. मासळी तीच, घार तीच, भूकही तीच. फरक आहे तो टाकणाऱ्याच्या मनात. आपण तर दहाव्याला पिंड मांडून कावळ्याची वाट पाहतो. माझ्या वडिलांच्या वेळी कावळा तासभर शिवेना. शेवटी काका म्हणाले, "धाकट्याच्या शिक्षणाचं मी पाहीन," आणि कावळा आला. तो धाकटा म्हणजे मी. त्या भाताला कुणी आमिष म्हणालं नाही. कारण तिथे बोलावणारा माणूस काठावर उघडा उभा होता. हात जोडून, सगळ्यांसमोर. पिंड कापून टाकून नुसता कावळा त्यानं कुणाला दाखवला नव्हता.

मग वाटलं, हेतू महत्त्वाचा. माझा हेतू काही वाईट नव्हता. पण हेतूच्या भरवशावर फार राहता येत नाही, हे आपल्याला गिधाडांनी शिकवलं आहे. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर पडलं की गिधाडांची पंगत बसे. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या देशातल्या गिधाडांच्या काही जातींतली शंभरांतली नव्वदाहून जास्त गिधाडं नाहीशी झाली. २००४ साली कारण सापडलं. गुरांना दुखण्यावर जे डायक्लोफिनॅक देत, ते मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होत. २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद करण्यात आलं. या सगळ्यात गिधाडावर नेम कुणीच धरला नव्हता. एका दुखऱ्या बैलाला आराम पडावा, एवढीच कुणाची तरी इच्छा होती. मारेच्या बंदुकीत गोळी नव्हती आणि पक्षी पडला नाही. इथे तर बंदूकच नव्हती, आणि आकाश रिकामं झालं.

मांदेलीनं घार मरत नाही, हे मी स्वतःला चार वेळा सांगितलं. ताजी होती, शंभर रुपयांची होती. पण मलेशियात लंगकावी बेटावर प्रवाशांच्या होड्यांमागे याच ब्राह्मणी घारी कोंबडीच्या कातड्यासाठी घिरट्या घालतात, हे वाचल्यावर वाटलं, एका होडीतून एक वाटा ठीक. रविवारी दहा होड्या आणि दहा वाटे झाले तर? मी घारीला उडायला शिकवलं नाही, ते तिचं तिला येतं. पण कुठे उतरायचं हे मी शिकवत होतो. आणि वर नाव काय दिलं, तर 'आकाशाचा राजा'. राजाला हाताला धरून पंगतीत बसवायचं आणि फोटोखाली मात्र राजवाडा लिहायचा.

आणि तरीही फोटो खोटा म्हणावा, तर कुठे? एकही पीस मी बदललं नव्हतं. ऊन खरं, डोळा खरा, झेप खरी. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात खोटं बोलायला वेळच नसतो. खोटं मागाहून, सावकाश, चहा पिताना बोललं जातं. बँकेत खोटी नोंद करणं आणि खरी नोंद गाळणं, यांत आम्ही कधी फरक केला नाही. दोन्हींसाठी घरी गेलेली माणसं मी पाहिली आहेत. माझ्या फोटोत जे होतं ते सगळं खरं होतं. जे नव्हतं तिथे घोटाळा होता. तिथे एक मांदेली होती आणि लाल दोऱ्याचा एक हात होता. चिकाटी, तीन वर्षांचा सराव, पहाटेचा खडक, असं सगळं श्रेय मी माझ्या खात्यावर जमा केलं होतं, आणि ज्यानं दर वेळी "आली का, काका?" असं विचारलं, त्याचं खातंच बंद करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या संस्थेला सविस्तर पत्र लिहिलं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि तो लांडगा माणसाळलेला असावा असं परीक्षकांचं मत पडल्यावर २०१० साली ते काढून घेतलं गेलं, हा दाखलाही दिला. माझं तर दुसरंच होतं, आणि तेही छत्री. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. त्यात प्रांजळपणाबद्दल आभार होते, नाव यादीतून कमी केल्याचं कळवलं होतं, आणि 'बक्षीसवस्तू परत घेण्याची तरतूद नियमांत नसल्याने छत्री आपणाकडेच ठेवावी' असं होतं. त्यामुळे पावसाळ्यात मला सदसद्विवेकबुद्धी काखेत मारून हिंडावं लागतं.

मग मूळचा फोटो काढला. अख्खा, न कापलेला. दोन प्रती केल्या. एक हर्णैला पाठवली. चार दिवसांनी तांडेलाच्या मोबाइलवरून पोराचा फोन आला. समुद्राचा आवाज येत होता, त्यामुळे तो ओरडून बोलत होता.

"काका, हात बराबर आलाय!"

"आवडला ना?"

"दोरा पन दिसतोय." मग क्षणभर थांबून, मला वाईट वाटू नये अशा बेतानं तो म्हणाला, "घार पन चांगली आलीय."

दुसरी प्रत आमच्या बाहेरच्या खोलीत लावली आहे. मासळी घेऊन होडीत बसणं मी सोडलं. आता गच्चीवर किंवा बंदरावर नुसता उभा राहतो. कोळणी आपल्या कामासाठी टाकतात ते घार उचलते. मी जमलं तर टिपतो, आणि बहुतेक वेळा जमत नाही. निळ्या फोटोंची संख्या पुन्हा वाढली आहे. एक फायदा मात्र झाला. बटण दाबायला उशीर होतो तेव्हा घार दिसते. वळताना ती शेपटी कशी मुरडते, मासळी धरलेला पाय चोचीशी कसा नेते, हे मला चौथ्या वर्षी कळलं. त्याचे फोटो माझ्याकडे नाहीत.

येणारे-जाणारे अजूनही भिंतीपुढे उभे राहतात. परवाच एक जुने सहकारी आले होते. मान तिरकी करून म्हणाले, "फोटो झकास आहे हो. पण हा मध्येच हात कुणाचा आला?" मग मला सगळी हकिकत सांगावी लागली. मांदेलीच्या वाट्यापासून सहीपर्यंत. दर वेळी सांगावीच लागते, तीच त्या हाताची खुबी आहे. सगळं ऐकून घेतल्यावर ते हळहळले. "छे छे, तेवढा हात कापला असतात ना, तर नक्की बक्षीस मिळालं असतं!"

ही चहा घेऊन आत येत होती. म्हणाली, "मिळालंय की. अहो, छत्री दाखवा त्यांना."